घरच्या लाकडी होडीला फायबरग्लासने मढवताना: पहिल्यांदा करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

घरी बांधलेल्या पहिल्या होडीचं सुतारकाम उरकतं, ती उलटी करून लाकडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या तिवयांवर, ठेवली जाते आणि पुढचं काम एकदम परकं वाटायला लागतं. रंधा आणि करवत हाताच्या ओळखीची असतात. काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते भिजवून लाकडाला चिकटवणारं, मग घट्ट होणारं द्रव रेझिन नसतात. लाकूड थांबतं, रेझिन थांबत नाही. खालची उत्तरं प्लायवुडच्या किंवा अरुंद पट्ट्या जोडून केलेल्या छोट्या होड्यांसाठी आहेत: कनू, कायाक, वल्ह्याची होडी, लहान शिडाची होडी. पहिल्या होडीवर हे काम करताना जे उमगलं ते त्यात आहे, आणि सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: लाकडात पाणी शिरू द्यायचं नाही, आणि त्यासाठी लागेल तेवढंच रेझिन वापरायचं.

प्लायवुड चांगलं आहे. नुसता रंग दिला तर भागणार नाही का?

छपराखाली ठेवायची आणि अधूनमधून पाण्यात न्यायची होडी असेल तर पुष्कळदा भागतं. काचेच्या थराने दोन गोष्टी मिळतात. वाळूवर, दगडांवर तळ घासला तरी लाकूड उघडं पडत नाही. आणि ऊन-पाण्याने प्लायवुडच्या वरच्या पापुद्र्याला ज्या बारीक उभ्या चिरा जातात त्या जात नाहीत. रंगाखाली या चिरा सुरू झाल्या की दरवर्षी घासा आणि रंगवा, हे चक्र सुटत नाही.

पट्ट्यांच्या होडीची गोष्ट वेगळी. तिथे 5-6 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या फक्त कडेने एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यांना आडवी ताकद देतं ते आतून-बाहेरून लावलेलं काचेचं कापड. तिथे मढवणं हा बांधणीचाच भाग आहे, ते वगळता येत नाही.

खराब प्लायवुड मात्र काचेने सुधारत नाही. आत पोकळ्या असलेलं, सांधे सुटलेलं लाकूड वरून गुळगुळीत दिसेल इतकंच.

जुन्या फळ्यांच्या होडीलाही असंच मढवता येईल?

माझं मत स्पष्ट आहे: नको. फळीला फळी लावून, फटीत कापूस किंवा दोरी ठोकून केलेली होडी पाण्यात फुगते आणि बाहेर काढली की आकसते. तिचं पाणी अडवणं या हालचालीवरच अवलंबून असतं. वरून पातळ काचेचा थर दिला की फळ्या हलतात, थर हलत नाही. तो सांध्यावर फाटतो किंवा सुटतो, आणि मागे शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. प्लायवुड आणि इपॉक्सीत (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) जोडलेल्या पट्ट्या फारशा हलत नाहीत, म्हणून ही पद्धत त्यांना जमते.

पॉलिएस्टर रेझिन बरंच स्वस्त मिळतं. इपॉक्सीच कशाला?

कारण इथे रेझिनला लाकूड धरून ठेवायचं आहे. साच्यातून काढलेल्या पूर्ण फायबरच्या होडीत पॉलिएस्टर उत्तम काम करतं, कारण तिथे ते काचेलाच धरतं. लाकडावरची त्याची पकड कमजोर असते, ते घट्ट होताना आकसतं आणि लाकडाच्या ओलाव्यापुढे हळूहळू हार मानतं. काही वर्षांनी कापडाची कड उचलून धरली तर पूर्ण पत्रा सोलून निघालेला पाहायला मिळतो.

पॉलिएस्टर वापरून लोकांनी लाकडी होड्या बांधल्या नाहीत असं नाही. 1962 मध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेली ‘मिरर’ ही छोटी शिडाची होडी प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचून, सांध्यांवर काचेची पट्टी आणि पॉलिएस्टर रेझिन लावून जोडली जायची. अशा होड्या हजारोंनी बांधल्या गेल्या. पण तिथे सांध्यांवर पट्टी होती. सगळ्या अंगावर कापड चढवायचं असेल तर मी इपॉक्सीशिवाय दुसरं सुचवणार नाही. वाचवायचेच असतील तर पैसे कापडाच्या थरांत वाचवा.

कापड कोणतं घ्यावं?

छोट्या होडीला साधं विणलेलं, चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या आसपासचं ई-ग्लास, म्हणजे नेहमीच्या काचधाग्यांचं कापड. रेझिन पिऊन त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर होते आणि भिजल्यावर ते इतकं पारदर्शक होतं की खालच्या लाकडाचे रेषे स्वच्छ दिसतात. हलक्या कायाकच्या वरच्या बाजूला 135 ग्रॅमचंही पुरतं. खडकाळ किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या तळाला दुसरा थर द्यावा. एकच फार जाड कापड घेण्यापेक्षा दोन पातळ थर बरे, वळणावर नीट बसतात.

तुटक धाग्यांची चटई मात्र घेऊ नका. तिचे धागे ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो साधारणपणे पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळावा असा केलेला असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, चटई ताठ राहते आणि रेझिन मात्र भरमसाट पिते.

कापड घडी घालून घेऊ नका, गुंडाळीवरच आणा. घडीची रेघ रेझिनखालीही दिसत राहते आणि तिथे कापड उचललेलं राहतं. कापडाची विणलेली जाड किनार आधीच कापून टाका. ती राहिली तर तिथे उंचवटा येतो आणि तो घासत बसावा लागतो.

रेझिन किती आणायचं?

क्षेत्रफळ मोजा. बाहेरची बाजू 5 चौरस मीटर धरू आणि कापड 200 ग्रॅमचं. कापडाचंच वजन 1 किलो. हाताने केलेल्या कामात काच आणि रेझिन वजनाने साधारण निम्मे-निम्मे येतात, म्हणजे भिजवायला 1 ते सव्वा किलो. त्याआधी लाकडाला पाजायच्या पहिल्या हाताला अर्धा किलो, आणि नंतर कापडाची वीण भरायच्या, म्हणजे तिचे खळगे बुजवायच्या, दोन-तीन हातांना प्रत्येकी अर्धा किलोच्या आसपास. साधारण अडीच ते सव्वातीन किलो झालं. कपात, रोलरमध्ये राहून वाया जाणारं धरून 4 किलो आणावं. आतली बाजू, कोपरे आणि सांधे यांचा हिशेब वेगळा.

कापड चढवण्याआधी लाकडाची तयारी किती करावी?

जितकी कराल तितकं पुढचं काम कमी. इपॉक्सी घट्ट झाल्यावर घासणं हे लाकूड घासण्याच्या कित्येक पट कष्टाचं आहे, आणि लाकडातला खड्डा कापडाखाली लपत नाही.

आधी कडा. काचेचा धागा काटकोनात वळत नाही. धारदार कडेवर तो उभा राहतो आणि खाली हवेची लांबट पोकळी तयार होते. 200 ग्रॅमच्या कापडाला बाहेरच्या प्रत्येक कडेला निदान 6 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्या. रंध्याने कड मारून वर पॉलिश पेपर फिरवला की झालं. मागच्या फळीच्या कडा लोक विसरतात, आणि पहिली पोकळी तिथेच सापडते.

मग खड्डे, खिळ्यांची आणि तारांची भोकं. इपॉक्सीत पिठासारखा बारीक लाकडी भुसा आणि थोडी सिलिकाची पूड कालवून लांबी भरा. बाजारातली रंगाची लांबी इथे चालत नाही. ती पाणी पिते आणि इपॉक्सीला सोडते. लांबी भरल्यावर 80 नंबरच्या पेपरने सगळं अंग घासा, त्याहून गुळगुळीत करू नका. रेझिनला पकड हवी असते.

लाकूड कोरडं हवं, ओलावा 12 टक्क्यांच्या आत असलेला उत्तम. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर होडी आणि लाकूड काही आठवडे कोरड्या, वाऱ्याच्या जागेत ठेवा. सागासारखं तेलकट लाकूड असेल तर रेझिन लावण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसून घ्या. जुना रंग, तेल, मेण यांचा अंशही राहता कामा नये.

आणि प्लायवुडच्या कापलेल्या कडा. पाणी सपाट पृष्ठभागातून फारसं शिरत नाही, ते या उघड्या तोंडांतून आत ओढलं जातं. कडेला पातळ इपॉक्सी लावा, दहा मिनिटांनी पाहा. शोषून कोरडी दिसली तर पुन्हा लावा. कड चकाकत राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. या एका कामासाठी मी वाटेल तेवढा वेळ द्यायला तयार असतो.

हार्डनर थोडा जास्त घातला तर लवकर वाळेल ना?

नाही. हे पॉलिएस्टरचं गणित आहे, तिथे उत्प्रेरक एक-दोन टक्क्यांत कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा भाग) दोन्ही एकमेकांत बांधले जातात. जे जास्त होतं ते शिल्लक राहतं आणि थर मऊ, चिकट राहतो. वेग बदलायचा तर हार्डनरच बदलावा लागतो: थंडीत जलद, उन्हाळ्यात मंद.

डब्यावर प्रमाण घनफळाचं आहे की वजनाचं ते नीट वाचा. हार्डनर सहसा हलका असतो, त्यामुळे दोन्ही प्रमाणं सारखी नसतात. मला छोटा वजनकाटा सगळ्यात भरवशाचा वाटतो. दोन मिनिटं ढवळा, कपाची बाजू आणि तळ खरवडून घ्या, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन अशाने होडीवर जात नाही.

कप हातात असतानाच गरम झाला आणि धूर यायला लागला. काय करू?

बाहेर नेऊन जमिनीवर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि दूर व्हा. ही प्रक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि खोल कपात ती कोंडली जाऊन वेग आणखी वाढतो. एका वेळी 200-300 ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये किंवा थेट होडीवर ओता. पातळ थरात उष्णता निघून जाते. तापमान 10 अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, हे लक्षात ठेवून कपाचा आकार ठरवा. उरलेलं रेझिन पूर्ण थंड होईपर्यंत कचऱ्यात टाकू नका.

लाकडातून बुडबुडे का येत राहतात?

लाकडात हवा असते. दिवस चढताना लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून वर येते. कापड चढवल्यावर हे झालं तर शेकडो बारीक फुगे थरात अडकतात. म्हणून काम दुपार उलटल्यावर, तापमान उतरत असताना सुरू करा. तेव्हा हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. ऊन थेट पडू देऊ नका. आदल्या दिवशी नुसत्या रेझिनचा एक हात देऊन लाकडाची छिद्रं बंद केली तर हा धोका बहुतेक संपतो. पहिल्यांदा करणाऱ्याने हा हात वगळू नये, कारण त्यामुळे कापड भिजवताना घाईही कमी होते: लाकूड रेझिन ओढून घेत नाही.

कापड प्रत्यक्षात कसं चढवायचं?

आधीचा हात घट्ट झाला असेल तर तो पाण्याने धुऊन, वाळवून, हलका घासून घ्या. मग कोरडं कापड होडीवर पसरा, वरच्या काठाखाली 5-7 सेंटीमीटर लोंबेल एवढं. मधल्या रेषेपासून बाहेर, कोरड्या स्वच्छ हाताने सगळ्या चुण्या काढा. रेझिन कालवण्याआधी कापड जिथे जसं हवं तिथे तसं बसलेलं असलं पाहिजे.

सुरुवात होडीच्या मध्यावर, तळापासून. थोडं रेझिन ओता, रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच पसरवा आणि दोन-तीन मिनिटं कापडाला पिऊ द्या. मध्यापासून टोकांकडे, तळापासून काठांकडे जा. दोघं असतील तर एकाने फक्त कालवायचं, दुसऱ्याने फक्त पसरवायचं. कालवणाऱ्याचे हात स्वच्छ राहणं फार मोलाचं असतं.

आता खरी कसोटी: जादा रेझिन काढून घेणं. जिथे रेझिन कमी तिथे कापड पांढुरकं दिसतं. जिथे जास्त तिथे ते काचेसारखं चकाकतं, म्हणजे कापड लाकडावर टेकलेलं नाही, रेझिनवर तरंगतं आहे. असं तरंगलेलं कापड पुढे घासताना कापलं जातं आणि तेवढ्या जागी ताकद जाते. पट्टी थोडी तिरकी, बेताचा दाब देऊन फिरवा. बरोबर जमलं की पृष्ठभाग मंद, एकसारखा दिसतो, विणीची खूण स्पष्ट असते आणि पांढरं काही नसतं. फार दाबलं तर रेझिनमध्ये हवा मिसळून फेस होतो. तो पुसून फेकून द्या, पुन्हा वापरू नका.

काही तासांनी रेझिन चामड्यासारखं झालं की लोंबणारं कापड धारदार पात्याने कापून घ्या. पूर्ण कडक झाल्यावर त्याला करवतच लागते.

पुढच्या टोकाला कापडाच्या चुण्या जात नाहीत.

नाळेपाशी पृष्ठभाग दोन दिशांनी वळतो, तिथे सरळ ताण्याबाण्याचं कापड बसणारच नाही. कापडाला उभा छेद द्या, एक बाजू दुसरीवर 3-4 सेंटीमीटर चढवा आणि दोन्ही भिजवा. वरची कड नंतर घासून मिसळून जाते. त्यावर उरेब, म्हणजे 45 अंशांत कापलेली पट्टी चढवली तर ती वळणावर चुणीशिवाय बसते आणि तिचे सगळे धागे कड ओलांडून जातात. पुढचं टोक दगडाला आधी लागतं, त्यामुळे तिथे हा जादा थर हवाच.

वीण कधी भरायची?

कापडाचं रेझिन पुरतं कडक होण्याआधी. नख दाबलं तर खूण उठते पण बोटाला रेझिन लागत नाही, त्या वेळी पुढचा हात दिला तर तो रासायनिक बंधाने जोडला जातो आणि मध्ये घासावं लागत नाही. फोमच्या रोलरने पातळ हात द्यायचा आणि मऊ ब्रशने वरवर ओढून बुडबुडे फोडायचे. उभ्या बाजूंवर जाड हात दिला की ओघळ येतात. दोन किंवा तीन पातळ हातांत विणीची खूण नाहीशी होते.

वाळल्यावर वर तेलकट थर आला आहे. रेझिन खराब होतं का?

नव्हतं. काही हार्डनरमधली अमाइनं दमट, थंड हवेत बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि हा मेणचट थर तयार होतो. तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि भांडी घासायची खरखरीत घासणी घेऊन धुवा, कोरड्या फडक्याने लगेच पुसा. धुण्याआधी पॉलिश पेपर लावू नका. पेपर भरतो आणि थर आणखी आत रगडला जातो. त्याच्यावर रंग दिला तर तो पापुद्र्यांनी निघतो.

एक पट्टा अनेक दिवसांनीही चिकट आहे.

थंडी असेल तर आधी ऊब द्या आणि वाट पाहा. तरीही चिकट असेल तर त्या कपात प्रमाण चुकलं किंवा नीट ढवळलं गेलं नाही. वरून नवं रेझिन देऊन झाकू नका, खालचं कधीच घट्ट होणार नाही. खरवडा, ॲसिटोनने पुसा, कापडही मऊ असेल तर तेवढं काढा आणि नवा तुकडा लावा.

कापडाखाली फुगा राहिला तर?

नाण्याने टकटक करत फिरा. पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. नखाएवढा फुगा असेल तर दोन बारीक भोकं पाडून एकातून सुईने रेझिन भरा, दुसऱ्यातून हवा जाऊ द्या. मोठा असेल तर तेवढं कापड कापून काढा, भोवतीची कड उतरती घासा, नवा तुकडा थोडा मोठा कापून बसवा. ही दुरुस्ती मूळ थराइतकीच टिकते, तिची धास्ती बाळगू नका.

आतून कापड लावायची गरज असते का?

तळाला तरी लावाच. बाहेरून दगड बसतो तेव्हा फळी आत वाकते आणि तिची आतली बाजू ताणली जाते. लाकूड फुटायला सुरुवात तिथूनच होते, आणि ताण सोसण्यात काच लाकडाच्या फार पुढे आहे. आतल्या कोपऱ्यांत आधी भुसा आणि सिलिका घातलेल्या घट्ट इपॉक्सीची गोलाई भरा, ती ओली असतानाच त्यावर काचेची पट्टी बसवा. काचेच्या पोकळ गोळ्यांची हलकी पूड फक्त खड्डे भरायला. सांध्यात ती वापरू नका, ताकद नसते. ज्या भागांवर कापड नाही तिथेही लाकडाला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, कारण होडीत साचलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा लाकूड लवकर कुजवतं.

हातमोजे आणि मास्क खरोखर लागतात?

लागतात, पहिल्या थेंबापासून. इपॉक्सीची ॲलर्जी साठत जाते: अनेकदा काहीच होत नाही, मग एके दिवशी त्वचेवर पुरळ येतं आणि त्यानंतर थोड्याशा स्पर्शानेही येत राहतं. एकदा ती आली की सहसा जात नाही, आणि होड्या बांधणं कायमचं सुटू शकतं. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या. त्वचेला लागलं तर ॲसिटोनने पुसू नका, त्याने रेझिन आत शिरायला मदतच होते, साबण-पाण्याने धुवा. घासताना एन95 किंवा त्याहून चांगला मास्क आणि चष्मा. थर किमान आठवडाभर मुरू द्या, अर्धवट कडक झालेल्या इपॉक्सीची धूळ जास्त घातक असते. ओलं करून घासलं तर धूळ उडतच नाही.

घासताना कापड कापलं जातंय हे कसं ओळखावं?

धुळीखाली विणीचे चौकोन किंवा चमकते धागे दिसू लागले की थांबा. तिथे आणखी एक हात रेझिन द्या आणि मग पुढे चला. कडांवर यंत्र चालवू नका, हातानेच घासा. 80 ने सुरू करून 120, आणि रंगासाठी 220 पुरेसा.

इपॉक्सी इतकी चकाकते, तशीच ठेवली तर?

उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी पडते, मग खडूसारखी भुरभुरते आणि शेवटी काच सोडते. लाकूड दिसायला हवं असेल तर अतिनील रोधक असलेल्या वार्निशचे पाच-सहा हात, आणि दर एक-दोन वर्षांनी त्यांची उजळणी. नाहीतर रंग. काही साधे ऑइल पेंट इपॉक्सीवर दिवसेंदिवस वाळत नाहीत, म्हणून आधी छोट्या जागी लावून पाहा. रंग शक्यतो फिका घ्या: गडद अंग उन्हात इतकं तापतं की इपॉक्सी मऊ पडू लागते आणि घासून नाहीशी केलेली वीण पुन्हा उमटते.

वल्ह्यांच्या कड्या, हूक बसवायला नंतर भोकं पाडली तर चालतील?

चालतील, पण प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडलेलं दार. स्क्रूपेक्षा मोठं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर त्याच्या मध्यात स्क्रूच्या मापाचं भोक पाडा. स्क्रू मग लाकडाला स्पर्श करत नाही. हे सगळं वार्निश किंवा रंगाच्या आधी उरका, आणि होडी पाण्यात उतरवण्याआधी शेवटच्या हाताला निदान आठवडा द्या; हवा थंड असेल तर दोन.